विश्लेषण : न विचारता झालेल्या लग्नाला नकार देणाऱ्या डॉ. रखमाबाई कोण होत्या? ‘संमती’ची चर्चा आजही त्यांच्याशी का येऊन थांबते?

नात्यात जवळीक कधी, किती आणि कोणाच्या इच्छेने, हा प्रश्न आज मोबाइलवरच्या मालिकांपासून न्यायालयांपर्यंत सगळीकडे चर्चेत आहे. मात्र मुंबईत हा प्रश्न जाहीरपणे विचारला गेला, त्याला आता 140 वर्षे झाली. विचारणारी होती विशीतली एक तरुणी. अकराव्या वर्षी लावून दिलेले लग्न आपल्याला मान्य नाही आणि त्या नवऱ्याकडे नांदायला आपण जाणार नाही, असे तिने उच्च न्यायालयात सांगितले. तुरुंगवासाचा हुकूम निघाला तरी ती मागे हटली नाही. हीच तरुणी पुढे डॉ. रखमाबाई म्हणून ओळखली गेली. काय होते हे प्रकरण, त्यानंतर कायदा किती बदलला आणि काय अजून तसेच आहे, याचा आढावा.

रखमाबाई कोणत्या घरात वाढल्या?

रखमाबाईंचा जन्म मुंबईत 22 नोव्हेंबर 1864 रोजी झाला. आई जयंतीबाई, वडील जनार्दन पांडुरंग. जयंतीबाईंचे लग्न लहान वयातच झाले होते. रखमा झाली तेव्हा त्या जेमतेम पंधरा वर्षांच्या होत्या आणि सतराव्या वर्षी त्या विधवा झाल्या. वडील गेले तेव्हा रखमा अडीच वर्षांची होती.

त्यांच्या जातीत विधवेने पुन्हा लग्न करायला मनाई नव्हती. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. पहिल्या पतीकडून आलेली मालमत्ता त्यांनी रखमाच्या नावे केली. पुढच्या वादात ही मालमत्ता वारंवार चर्चेत आली.

सखाराम अर्जुन हे मुंबईतले नावाजलेले डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक. 1883 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी ते एक. त्यांच्याकडे सुधारक मंडळींची ये-जा असे. पुस्तके, वर्तमानपत्रे, प्रार्थना समाजाच्या सभा या वातावरणात रखमा वाढत होती. तरीही जातीची रीत या घराच्या उंबऱ्याबाहेर थांबली नव्हती.

लग्न कसे ठरले? कोणी कोणाला विचारले?

1876 च्या सुमारास, अकरा वर्षांच्या रखमाचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावण्यात आले. दादाजी सखाराम अर्जुन यांच्याच नात्यातले, एकोणीस-वीस वर्षांचे आणि परिस्थितीने बेताचे होते. त्यांनी घरजावई म्हणून राहायचे, शिकायचे, मार्गी लागायचे, असे ठरले होते. खर्च सासरे करणार होते.

या सगळ्या बोलणीत रखमाला कोणी काही विचारले नाही. त्या काळात ते कोणाला खटकलेही नाही. मुलीचे लग्न हा वडीलधाऱ्यांमधला व्यवहार होता आणि मुलगी त्या व्यवहाराचा विषय होती. दादाजींनाही फारसा पर्याय होता असे दिसत नाही. मात्र पुरुष म्हणून पुढच्या आयुष्यात त्यांना हक्क मिळणार होते आणि रखमाच्या वाट्याला कर्तव्ये येणार होती.

लग्नानंतर काही महिन्यांतच रखमा वयात आली. रूढीप्रमाणे आता गर्भाधानाचा विधी व्हायला हवा होता. म्हणजे बारा वर्षांच्या मुलीने वैवाहिक संबंधांना सामोरे जायचे. इथे सखाराम अर्जुन आडवे आले. इतक्या लहान शरीरावर त्याचे काय परिणाम होतात हे डॉक्टर म्हणून त्यांना ठाऊक होते. त्यांनी ठाम नकार दिला. दादाजींना हे आवडले नाही.

मग दोघांच्या वाटा कुठे वेगळ्या झाल्या?

विशीतल्या दादाजींना लहान मुलांच्या वर्गात बसून शिकायचे होते. त्यांचे शिक्षणात मन लागले नाही. पुढे ते सासर सोडून मामा नारायण धर्माजी यांच्याकडे राहायला गेले. त्या घरातले वातावरण चांगले नसल्याची चर्चा होती. दादाजींची तब्येत ढासळली, कर्जही झाले.

इकडे रखमा आईकडेच राहिली. लग्नानंतर शाळा सुटली होती. पण वाचन सुटले नाही. मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून ती घरीच इंग्रजी शिकली. आर्य महिला समाजाच्या बैठकांना जाऊ लागली. जगात काय चालले आहे ते समजू लागले, तशी आपल्या आयुष्यात काय झाले आहे तेही समजू लागले.

अशी सात-आठ वर्षे गेली. दोघे एका शहरात राहत होते, पण त्यांचा संसार असा कधी सुरूच झाला नाही. कायद्याच्या दृष्टीने हा तपशील पुढे फार मोठा ठरला.

दादाजींनी पहिली मागणी कशी केली?

वकिलामार्फत केली. मार्च 1884 मध्ये त्यांच्या वकिलांचे पत्र आले आणि तेही रखमाबाईंच्या नावे नव्हते. ते सखाराम अर्जुन यांना लिहिलेले होते. माझ्या बायकोला माझ्याकडे येण्यापासून अडवू नका, असा त्याचा आशय होता.

हे पत्र आज वाचताना लक्षात येते की रखमाबाईंना स्वतःची काही इच्छा असू शकते, ही शक्यताच त्यात नव्हती. त्या येत नाहीत म्हणजे कोणीतरी त्यांना रोखून धरले असणार, असेच गृहीत धरले होते. आपण कोणालाही रोखलेले नाही, असे सखाराम अर्जुन यांनी कळवले. त्यानंतर रखमाबाईंनीच वकिलांमार्फत स्वतःची बाजू मांडली.

त्यांनी तीन कारणे दिली. पहिले, दादाजी संसार चालवू शकत नाहीत. दुसरे, त्यांची प्रकृती ठीक नाही. त्यांना क्षय असल्याचे सांगण्यात आले. तिसरे, ज्यांच्या आश्रयाला ते राहतात त्यांचे चारित्र्य ठीक नाही. मात्र या तिन्ही कारणांच्या मुळाशी एकच मुद्दा होता. कळत्या वयात आपण हे लग्न स्वीकारलेले नाही, त्यामुळे ते आपल्यावर लादता येणार नाही.

वडिलांकडून आलेल्या मालमत्तेसाठीच माहेरचे लोक तिला अडवत आहेत, असा दादाजींचा दावा होता. त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वैवाहिक हक्क परत मिळावेत म्हणून दावा दाखल केला. ‘दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई’ या नावाने तो ओळखला जातो.

वैवाहिक हक्कांचा दावा म्हणजे नेमके काय?

ही कल्पना मूळची हिंदू धर्मशास्त्रातली नव्हे, इंग्लंडमधल्या चर्चच्या न्यायालयांची. नवरा-बायकोपैकी एकाने योग्य कारणाशिवाय घर सोडले, तर दुसऱ्याने न्यायालयात जावे आणि न्यायालयाने परत नांदायला जाण्याचा हुकूम द्यावा, अशी ती तरतूद. इंग्रजी राजवटीबरोबर ती भारतात आली आणि इथल्या लग्नांना लागू होऊ लागली. तत्कालीन दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार हा हुकूम मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त करता येत असे किंवा त्याला सहा महिन्यांपर्यंत तुरुंगात ठेवता येत असे.

इंग्लंडने मात्र अशा हुकूमभंगासाठी तुरुंगात टाकण्याची पद्धत 1884 मध्येच रद्द केली होती. दादाजींचे वकिली पत्र आले त्याच वर्षी. म्हणजे लंडनमधल्या बाईला जी भीती उरली नव्हती, ती मुंबईतल्या बाईला कायम होती.

पहिला निकाल काय लागला?

सप्टेंबर 1885 मध्ये न्या. रॉबर्ट पिन्ही यांच्यासमोर सुनावणी झाली. त्याआधी एप्रिलमध्ये सखाराम अर्जुन यांचे निधन झाले होते. रखमाबाईंच्या पाठीशी उभे असलेले घरातले सर्वांत मोठे माणूस आता नव्हते.

21 सप्टेंबर 1885 रोजी न्या. पिन्ही यांनी दादाजींचा दावा फेटाळला. त्यांची भूमिका थोडक्यात अशी होती. ‘परत मिळवणे’ याला अर्थ येण्यासाठी आधी काही असावे लागते. इथे दोघे कधी एकत्र राहिलेलेच नाहीत. मग परत काय मिळवायचे? शिवाय इंग्रजी कायद्यातले दाखले हे समजत्या वयात, स्वतःच्या मर्जीने लग्न केलेल्या माणसांचे आहेत. असहाय वयात लग्न लावलेल्या मुलीला ते लावता येणार नाहीत. जो पुरुष तिला नकोसा आहे त्याच्या घरी तिला बळाने पाठवणे हे क्रौर्य ठरेल, असे मत त्यांनी नोंदवले.

त्या काळी न्यायालयाने बाईच्या इच्छेला एवढे वजन द्यावे, हे अनेकांना पटणारे नव्हते.

‘टाइम्स’मधली ती पत्रे कोणाची होती?

याच वर्षी, जून आणि सप्टेंबरमध्ये, ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ अशा अर्थाच्या टोपणनावाने दोन पत्रे छापून आली. एक बालविवाहाबद्दल होते, दुसरे विधवांवर लादलेल्या वैधव्याबद्दल. बेहरामजी मलबारी यांनी 1884 मध्ये याच दोन विषयांवर टिपणे काढून देशभर चर्चा सुरू करून दिली होती. पत्रे लिहिणाऱ्या रखमाबाईच आहेत हे पुढे उघड झाले.

मुलीचे शिक्षण, प्रकृती, मनाची वाढ हे सगळे बालविवाहाने कसे थांबते, याचे वर्णन त्यांत होते. नवऱ्याला पुन्हा लग्न करता येते, शिकता येते, घराबाहेर पडता येते; बायकोला यातले काहीच नाही, ही तफावत त्यांनी मांडली. सुधारकांची चर्चा आजवर बायकांविषयी होती. आता ज्या मुलीविषयी ती चालली होती तिनेच लेखणी हाती घेतली.

समाजाची प्रतिक्रिया काय होती?

जोरदार आणि दुभंगलेली. न्यायालयाने हिंदूंच्या विवाहसंस्थेत ढवळाढवळ केली, असा सूर सनातनी गटाने लावला. लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’ने आणि ‘मराठा’ने रखमाबाईंच्या विरोधात भूमिका घेतली. लग्न हा संस्कार आहे, करार नव्हे. त्यामुळे मुलीची संमती घेतली होती का हा प्रश्नच गैरलागू, असा या बाजूचा युक्तिवाद होता. इंग्रजी शिकलेल्या बायका अशाच घराबाहेर पडतील, ही भीतीही बोलून दाखवली जात होती.

दुसऱ्या बाजूला मलबारी आणि इतर सुधारक उभे राहिले. खटल्याच्या खर्चासाठी मदत समिती स्थापन झाली. अपिलात रखमाबाईंच्या वकिलांमध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. खटल्याची बातमी इंग्लंडच्या वर्तमानपत्रांतही पोहोचली.

दादाजींनीही 1887 मध्ये आपली बाजू छापून प्रसिद्ध केली आणि रखमाबाईंनी तिला वर्तमानपत्रातून उत्तर दिले. जे बोलणे दोघांमध्ये कधी झालेच नव्हते, ते आता सगळ्या गावासमोर छापील कागदावर चालले होते.

तुरुंगवासाचा हुकूम कसा निघाला?

दादाजींनी केलेले अपील 1886 मध्ये मुख्य न्यायमूर्ती चार्ल्स सार्जंट आणि न्या. बेली यांच्यापुढे आले. त्यांनी न्या. पिन्ही यांचा निकाल उलटवला. कायद्यात लग्न वैध आहे, ते वैध असेल तर नवऱ्याचा हक्कही आहे, आणि संसार आधी सुरू झाला नव्हता एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. प्रकरण पुन्हा सुनावणीसाठी पाठवण्यात आले.

4 मार्च 1887 रोजी न्या. फॅरन यांनी हुकूम दिला. रखमाबाईंनी महिनाभरात नवऱ्याकडे जावे. नाहीतर सहा महिन्यांचा तुरुंगवास भोगावा.

त्याच्या आठवडाभर आधी, 26 फेब्रुवारीला, अमेरिकेत डॉक्टर होऊन आलेल्या आनंदीबाई जोशी पुण्यात निवर्तल्या होत्या. नवव्या वर्षी लग्न झालेल्या त्या मुलीच्या अकाली मृत्यूने महाराष्ट्र हळहळत असतानाच, अकराव्या वर्षी लग्न झालेल्या दुसऱ्या मुलीला न्यायालयाने तुरुंगाची वाट दाखवली होती.

रखमाबाईंनी उत्तर दिले की आपण जास्तीत जास्त शिक्षा भोगू, पण त्या घरी जाणार नाही.

त्यांना हा निर्णय सोपा नव्हता. तेव्हाच्या प्रतिष्ठित घरातल्या स्त्रीने तुरुंगात जाणे म्हणजे सगळ्या घराण्याची नाचक्की. वडील नव्हते, सावत्र वडीलही गेले होते. होकार दिला असता तर हे सगळे एका दिवसात मिटले असते. तरी तो होकार खरा ठरला नसता, हे त्यांना कळत होते.

खटला शेवटी कसा मिटला?

न्यायालयाबाहेर. जुलै 1888 मध्ये तडजोड झाली. दादाजींनी 2000 रुपये घेऊन आपला दावा सोडला. रखमाबाईंना तुरुंगात जावे लागले नाही आणि नांदायलाही जावे लागले नाही. निकालपत्रात मात्र हार कायम राहिली. न्यायालयाने त्यांचे म्हणणे शेवटपर्यंत मान्य केले नाही.

रखमाबाई डॉक्टर कशा झाल्या?

मुंबईच्या कामा रुग्णालयातल्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना वैद्यकीय शिक्षणासाठी प्रोत्साहन दिले. 1889 मध्ये रखमाबाई इंग्लंडला गेल्या आणि लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये दाखल झाल्या. ब्रसेल्सहून त्यांनी एमडी पदवी घेतली. 1890 च्या दशकाच्या मध्यावर त्या भारतात परतल्या.

सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात त्यांनी वीसहून अधिक वर्षे काम केले. नंतर राजकोटच्या जनाना रुग्णालयात निवृत्तीपर्यंत सेवा केली. भारतात प्रत्यक्ष व्यवसाय करणाऱ्या सुरुवातीच्या स्त्री डॉक्टरांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते. पुरुष डॉक्टरला हात लावू द्यायचा नाही म्हणून घरातच मरणाऱ्या बाळंतिणींच्या त्या काळात, स्त्री डॉक्टर असण्याला काय मोल होते हे सांगायला नको.

पुढे त्यांनी पडदा पद्धत बंद व्हावी म्हणून लिहिले. दुसरे लग्न त्यांनी केले नाही. 25 सप्टेंबर 1955 रोजी, वयाच्या 91 व्या वर्षात, त्यांचे निधन झाले. 2016 मध्ये अनंत महादेवन यांनी त्यांच्यावर ‘डॉक्टर रखमाबाई’ हा चित्रपट काढला.

या खटल्यामुळे कायदा बदलला का?

एका फटक्यात नाही. पण चर्चेला जी धार आली ती पुन्हा बोथट झाली नाही. 1860 च्या भारतीय दंड संहितेत संमतीवय 10 वर्षे होते. म्हणजे दहा वर्षांवरच्या पत्नीशी पतीने ठेवलेला संबंध बलात्कार ठरत नसे. रखमाबाईंचा खटला गाजून दोन वर्षे होतात तोच कलकत्त्यात फुलमणी दासी या दहा-अकरा वर्षांच्या मुलीचा, तिच्याहून कितीतरी मोठ्या असलेल्या नवऱ्याने ठेवलेल्या संबंधांमुळे मृत्यू झाला. ती दहा वर्षांहून मोठी असल्याने बलात्काराचे कलम लागलेच नाही.

या दोन प्रकरणांनी वातावरण तापले आणि 19 मार्च 1891 रोजी संमतीवयाचा कायदा मंजूर झाला. मर्यादा 10 वरून 12 वर आली. आज हे वाचताना अंगावर काटा येतो. पण त्या दोन वर्षांसाठीही तेव्हा रस्त्यावर सभा आणि मोर्चे झाले. 1929 च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय 14 केले, 1978 मध्ये ते 18 झाले.

वैवाहिक हक्कांच्या हुकमासाठी तुरुंगात टाकण्याची तरतूद 1923 मध्ये रद्द झाली. रखमाबाईंचा खटला तोवर साडेतीन दशके जुना झाला होता.

मग तो दावा आता इतिहासजमा झाला का?

नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9 मध्ये तो आजही आहे. हा कायदा लागू झाला 18 मे 1955 रोजी, म्हणजे रखमाबाईंच्या निधनाच्या चार महिने आधी. देशभरातल्या हिंदूंना त्याने घटस्फोटाचा मार्ग खुला केला आणि रखमाबाई ज्याच्याशी झगडल्या तो दावाही जपून ठेवला.

आता तो पती किंवा पत्नी दोघांनाही करता येतो. हुकूम मोडला तर मालमत्तेवर टाच येऊ शकते, आणि वर्षभर एकत्र राहणे सुरू झाले नाही तर त्या आधारे घटस्फोट मागता येतो. 1983 मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवले. न्यायालय माणसाला शरीरसंबंधाकडे ढकलू शकत नाही, असा त्यामागचा विचार होता. मात्र 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात हे कलम वैध ठरवले. 2019 मध्ये त्याला पुन्हा आव्हान देण्यात आले. इंग्लंडमध्ये, जिथून ही कल्पना आली, तिथे ती 1970 च्या कायद्याने संपली.

आजचा कायदा संमती कशाला म्हणतो?

2013 च्या दुरुस्तीनंतर भारतीय दंड संहितेत संमतीची व्याख्या स्पष्ट झाली आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्येही तीच आहे. संमती म्हणजे स्वेच्छेने दिलेला, संदिग्धता नसलेला होकार. तो शब्दांतून, हावभावांतून किंवा अन्य प्रकारे व्यक्त झालेला असावा आणि त्या विशिष्ट कृतीसाठी असावा. केवळ प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून होकार होता असे धरता येत नाही.

सोप्या भाषेत, गप्प बसणे म्हणजे ‘हो’ नव्हे. एका गोष्टीला दिलेला होकार पुढच्या गोष्टीला लागू होत नाही. काल दिलेला होकार आज गृहीत धरता येत नाही. दबाव, भीती किंवा कोणाच्या उपकाराचे ओझे यांतून आलेला होकार स्वेच्छेचा नसतो.

या व्याख्येला एक मोठा अपवाद आहे तो लग्नाचा. पत्नी 18 वर्षांखालील नसेल, तर पतीने तिच्या इच्छेविरुद्ध ठेवलेला संबंध बलात्काराच्या कलमात बसत नाही. पूर्वी ही मर्यादा 15 होती. ऑक्टोबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती 18 वर आणली. हा अपवादच काढावा, या मागणीवर मे 2022 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाले आणि विषय सर्वोच्च न्यायालयात गेला. मात्र विवाहित स्त्रीला कोणताच आधार नाही असे नव्हे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळाचा समावेश आहे. त्यानुसार संरक्षण मागता येते. लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या स्त्रियांनाही हा कायदा लागू होतो.

आजच्या नात्यांसाठी यात काय आहे?

आज अकराव्या वर्षी लग्न लावणे गुन्हा आहे. जोडपी स्वतः भेटतात, फिरतात, लग्न ठरवतात. मग रखमाबाईंची गोष्ट जुनी झाली का?

तिच्यातला मुद्दा जुना झालेला नाही. रखमाबाई आणि दादाजी यांच्यातला पेच केवळ वयाचा नव्हता. दोघांमध्ये त्या नात्याविषयी मोकळे बोलणे झाल्याची कुठेही खूण नाही. तुला काय हवे आहे, कशाची भीती वाटते, माझ्याबरोबर राहायचे आहे का, हे प्रश्न विचारण्याची जागाच त्या व्यवस्थेत नव्हती. नवऱ्याला हक्क होता म्हणून विचारण्याची गरज वाटली नाही. बायकोला शब्द नव्हता म्हणून उत्तराची वाट कोणी पाहिली नाही. शेवटी जे बोलणे घरात व्हायचे ते नोटिशीतून झाले.

हा धागा आजही अनेक घरांत सापडतो. साखरपुडा झाला आहे म्हणजे आता काय हरकत, इतकी वर्षे बरोबर आहोत म्हणजे विचारायचे काय, लग्न झाले आहे म्हणजे नाही कसे म्हणते किंवा म्हणतो, या वाक्यांत नात्याचे नाव पुढे करून माणसाला विचारणे टाळलेले असते. नकार ऐकला की रुसणे, अबोला धरणे, प्रेमच नाही असा आरोप करणे, हेही दबावाचेच प्रकार आहेत. समोरचा मग हो म्हणतो, पण ते वाद टाळण्यासाठी असते.

मोकळे बोलणे म्हणजे प्रत्येक वेळी लेखी परवानगी घेणे नव्हे. आज मन आहे का, हे चालेल का, थांबायचे का, असे साधे प्रश्न विचारता येणे आणि उत्तर काहीही आले तरी नाते तसेच राहील याची खात्री देणे, एवढेच ते आहे. विचारणाऱ्याने नकार ऐकायची तयारी ठेवूनच विचारायचे असते. ज्याला नकार देता येत नाही त्याच्या होकाराला किंमत उरत नाही. हे पुरुषांनाही तितकेच लागू आहे. त्यांनाही नको म्हणायचा हक्क आहे आणि तो बोलून दाखवणे अनेकांना अवघड जाते.

मराठीत या विषयावर बोलायला शब्द नाहीत, अशी तक्रार होते. तरी 1927 मध्ये र. धों. कर्वे यांनी मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू करून लैंगिक प्रश्नांवर मराठीतूनच मोकळेपणाने लिहिले आणि त्यासाठी खटलेही सोसले. म्हणजे अडचण शब्दांची कमी, संकोचाची जास्त आहे.

रखमाबाईंच्या वेळी तो संकोच मोडण्याची किंमत सहा महिन्यांचा तुरुंग होती आणि ती द्यायला त्या तयार झाल्या. आज दोन माणसांना हेच बोलणे आपल्या घरात, दार लावून, कोणत्याही वकिलाशिवाय करता येते.